अरुणाचलची इनर लाइन: तवांगला निघण्याआधी परवाना कुणी, कसा आणि का काढायचा

भालुकपाँगच्या नाक्यावर गाडी थांबली की चालक मागे वळून एवढंच म्हणतो, "पेपर." अलीकडे आसाम, पलीकडे अरुणाचलचा पश्चिम कामेंग जिल्हा. खिडकीतला पोलीस परवान्यावरचं नाव ओळखपत्राशी ताडून बघतो, तारीख बघतो, जिल्हा बघतो आणि शिक्का मारतो. आमच्या सहा जणांपैकी पाचांचं काम दहा मिनिटांत झालं. वहिनीचं अडलं. तिचा अर्ज पुतण्याने भरला होता आणि आईचं नाव तो नेहमी लिहितो तसं, म्हणजे सासरच्या आडनावाने लिहिलं होतं. आधार कार्डावर मात्र माहेरचंच आडनाव. लग्नाला एकवीस वर्षं झाली तरी ते बदलायचं राहूनच गेलं होतं. शेवटी फोनमध्ये विवाह नोंदणीच्या दाखल्याचा फोटो सापडला आणि पाऊण तासाने आम्ही पुढे निघालो. तो पाऊण तास ती खिडकीपाशी एकटी उभी होती. पोलिसाचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती, आणि ती घरी बसून टाळता आली असती.

म्हणून ही माहिती जरा सविस्तर लिहितो आहे. दरवर्षी पुण्या-मुंबईकडून तवांग, झिरो, मेचुका बघायला पुष्कळ मंडळी जातात. बहुतेकांची कागदपत्रं टूरवाला करतो, त्यामुळे आपण नेमका कसला परवाना घेऊन निघालो आहोत हे त्यांना ठाऊकच नसतं.

कुणाला लागतो

परवान्याचं नाव इनर लाइन परमिट, बोलीत आयएलपी. अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या अनुसूचित जमातींच्या लोकांना तो लागत नाही. बाकी प्रत्येक भारतीय नागरिकाला लागतो, मग तो मुंबईचा असो की भालुकपाँगपासून हाकेच्या अंतरावरच्या आसामी गावचा. अरुणाचलखेरीज नागालँड, मिझोराम आणि मणिपूरमध्येही ही पद्धत आहे, पण प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा. कोहिमासाठी काढलेला कागद तवांगच्या वाटेवर चालत नाही. आसाम, मेघालय, त्रिपुरा या राज्यांत आयएलपी नाही, त्यामुळे गुवाहाटीला किंवा शिलाँगला उतरताना कुणी काही विचारत नाही.

"आपल्याच देशात परवाना कशाला?" हा प्रश्न आमच्या गाडीतही निघाला होता. त्याचं उत्तर राज्यघटनेतच आहे. कलम १९ देशभर कुठेही फिरण्याचं आणि राहण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमाचा पाचवा भाग अनुसूचित जमातींच्या हितासाठी त्या स्वातंत्र्यावर वाजवी बंधनं घालायची मुभा देतो. आयएलपी त्या मुभेत बसतो.

ही रेषा आली कुठून

कायदा मात्र घटनेपेक्षा बराच जुना आहे. १८७३ चा बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. आसामच्या खोऱ्यात चहाचे मळे डोंगरांच्या पायथ्यापर्यंत सरकत होते, व्यापारी रबर आणि हत्तींसाठी जंगलात शिरत होते आणि डोंगरातल्या लोकांशी चकमकी होत होत्या. प्रत्येक चकमकीनंतर फौज धाडणं ब्रिटिशांना परवडेना. त्यांनी पायथ्याशी एक रेषा आखली आणि ब्रिटिश प्रजाजनांनी परवान्याशिवाय तिच्या पलीकडे जायचं नाही, असं ठरवलं. रेषेपलीकडे बाहेरच्या माणसाला जमिनीत हक्क मिळवण्यावरही बंदी घातली. त्या वेळचा हेतू डोंगरी लोकांच्या कल्याणाचा नव्हता, मळ्यांच्या आणि तिजोरीच्या सोयीचा होता. १९५० साली कायद्यातले "ब्रिटिश प्रजाजन" हे शब्द जाऊन तिथे "भारताचे नागरिक" हे शब्द आले. रेषा तशीच राहिली, पण ती कुणाच्या कामाची हे उलटलं. मळेवाल्यांच्या सोयीची रेषा आज डोंगरातल्या लोकांना आपली वाटते.

ही इनर लाइन म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमा नव्हे, याचा घोळ अनेकांच्या डोक्यात असतो. सीमा त्याहून कितीतरी वर आहे. १९१४ च्या सिमला परिषदेत ठरलेली मॅकमहोन रेषा तवांगच्या उत्तरेला बुम ला खिंडीपाशी जाते. प्रत्यक्ष तवांगमध्ये भारतीय प्रशासन पोचलं ते फेब्रुवारी १९५१ मध्ये, मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन गेले तेव्हा. हा सगळा प्रदेश १९५४ पासून नेफा, म्हणजे नॉर्थ ईस्ट फ्रंटियर एजन्सी म्हणून ओळखला गेला, जानेवारी १९७२ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाला आणि २० फेब्रुवारी १९८७ ला राज्य. मधल्या काळात १९६२ चं युद्ध याच वाटेवर झालं. चीन आजही या भागावर दावा सांगतो, इथल्या गावांना आणि डोंगरांना आपली नावं देतो आणि अरुणाचलच्या रहिवाशांना पासपोर्टाला टाचणीने जोडलेला व्हिसा देतो. जुलै २०२३ मध्ये इथल्या तीन वुशू खेळाडूंना असा व्हिसा मिळाला, तेव्हा भारताने तो नाकारला.

राज्याचं क्षेत्रफळ ८३,७४३ चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम १३ लाख ८४ हजार. एवढी विरळ वस्ती आणि त्यात कितीतरी जमाती, प्रत्येकीची बोली वेगळी. बाहेरून माणसं येऊन स्थायिक झाली तर आपण आपल्याच खोऱ्यात अल्पसंख्य होऊ, ही भीती इथे अगदी खरी आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये नामसाई आणि चांगलांग जिल्ह्यांतल्या सहा बिगर-जमाती समाजांना कायम रहिवासी दाखला देण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा इटानगर पेटलं आणि उपमुख्यमंत्र्यांचं खासगी घर जाळलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागरिकत्व सुधारणा कायदा आला. त्यातून आयएलपीची क्षेत्रं वगळली गेली, आणि मणिपूरला आयएलपी मिळाला तोही त्याच दिवसांत. आपल्या हातात दोन पानांचा प्रिंटआउट असतो. त्यांच्या दृष्टीने तो जमिनीचा आणि माणसांचा हिशेब आहे. हे मनात ठेवून नाक्यावर उभं राहिलं की रांगेचा त्रास होत नाही, निदान मला तरी झाला नाही.

अर्ज कसा करायचा

सगळ्यात सोपी वाट राज्य सरकारच्या ई-आयएलपी पोर्टलची. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" आहे ना हे बघूनच माहिती भरा, कारण शोधल्यावर खासगी एजंटांची पानंही समोर येतात. आधी मोबाइल क्रमांकाने नोंदणी करायची, मग पर्यटनाचा प्रकार निवडून अर्ज भरायचा, फोटो आणि ओळखपत्र चढवायचं आणि फी तिथेच ऑनलाइन भरायची. मंजूर झालेला परवाना तिथूनच उतरवून घेता येतो. ऑनलाइनचं जमत नसेल तर दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी आणि शिलाँगमधल्या अरुणाचल सरकारच्या कार्यालयांतही अर्ज करता येतो. सुट्टीच्या दिवशी गुवाहाटीला उतरून तिथे धावाधाव करण्यापेक्षा घरूनच काढलेला बरा.

कागदपत्रं थोडीच लागतात. अलीकडचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि एक सरकारी ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका. स्कॅन स्वच्छ असावा. आधारचे चारही कोपरे दिसले पाहिजेत आणि क्रमांकावर फ्लॅशचा पांढरा डाग पडलेला नसावा.

आता आमचं जिथे अडलं ते नाव. आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. त्यातही एका कार्डावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. अर्जात नाव लिहिताना जे ओळखपत्र चढवणार आहात तेच समोर ठेवा आणि त्यावरचं नाव अक्षर न् अक्षर उतरवा, स्पेलिंग चुकीचं असलं तरी तसंच. तेच मूळ कार्ड प्रवासात जवळ ठेवा. आधार चढवायचं आणि नाक्यावर वाहन परवाना दाखवायचा, असं करू नका. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत पिशवीत ठेवावी. घरातल्या एकानेच सगळ्यांचे अर्ज भरले, तर ज्याचा त्याचा अर्ज ज्याला त्याला वाचायला द्यावा. लहान मुलांसाठी आधार किंवा जन्मदाखला बरोबर असू द्या.

दुसरी चूक जिल्ह्यांची होते. अर्जात कुठे जाणार ते विचारतात आणि लोक नुसतं "तवांग" निवडून मोकळे होतात. भालुकपाँग, बोमडिला, दिरांग हे सगळं पश्चिम कामेंग जिल्ह्यात येतं. तवांग हा त्यातूनच १९८४ मध्ये वेगळा काढलेला जिल्हा. म्हणजे तवांगच्या सहलीला दोन्ही नावं हवीत, कारण पहिला मुक्काम बहुधा दिरांगलाच पडतो. अरुणाचलात नवे जिल्हे होतच असतात, जुन्या नकाशावर विसंबू नका. मेचुका पूर्वी पश्चिम सियांगमध्ये होतं, २०१८ पासून शि योमी जिल्ह्यात आहे. किबिथू लोहितमध्ये नाही, अंजावमध्ये आहे.

प्रवेशाचा नाकाही वाटेप्रमाणे बदलतो. तवांगसाठी भालुकपाँग, इटानगरकडे बांदरदेवा, पासीघाटकडे रुक्सिन. विमानाने थेट इटानगरला जाणारे होलोंगीच्या दोन्यी पोलो विमानतळावर उतरतात. तो नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. परवान्याची तारीख ठरवताना पुढेमागे दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा खुला झाल्यापासून १३,७०० फुटांवरची खिंड चढायची गरज उरली नाही आणि हिवाळ्यातली वाट बरीच भरवशाची झाली, तरी पावसाळ्यात दरडी कोसळतातच. हा बोगदा बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशनने खणला. त्या संघटनेच्या ग्रेफ या रस्तेबांधणी दलाचं केंद्र आपल्या पुण्याजवळ दिघीला आहे. त्या रस्त्यावर काम करणारा माणूस दिघीचं नाव काढल्यावर थांबून बोलतो.

परवान्याच्या दोन कागदी प्रती घ्या. फोनमधल्या प्रतीवर भिस्त ठेवली आणि नाक्यावर रेंज किंवा बॅटरी गेली, तर त्याचा उपयोग नाही.

बुम ला वेगळं

आयएलपी हातात आहे म्हणजे बुम लाला जाता येतं, हा सर्रास होणारा गैरसमज. १५,२०० फुटांवरची ही खिंड भारत-चीनमधल्या प्रत्यक्ष ताबारेषेवर आहे. तिथे जायला तवांगच्या उपायुक्त (म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकारी) कार्यालयाची वेगळी परवानगी लागते आणि तिच्यावर लष्कराचा शिक्का लागतो. आयएलपीची आणि ओळखपत्राची प्रत देऊन आदल्या दिवशी अर्ज करावा लागतो. बहुतेकदा हॉटेलवाला किंवा स्थानिक टॅक्सीवाला तो करून आणतो, म्हणून तवांगला पोचल्या संध्याकाळीच कागद त्याच्या हाती द्या. बाहेरून आणलेली गाडी वर नेता येत नाही, स्थानिक टॅक्सीच करावी लागते. माधुरी दीक्षितच्या नावाने ओळखलं जाणारं सांगेत्सर सरोवर याच वाटेवर आहे. हवामान बिघडलं किंवा लष्कराने वाट बंद केली तर परवानगी असूनही परत फिरावं लागतं, म्हणून तवांगमध्ये एक दिवस जादा ठेवा. ही वाट फक्त भारतीय नागरिकांसाठी खुली आहे.

परदेशस्थ नातेवाईक बरोबर असतील तर

इथे अनेक मराठी कुटुंबांची फसगत होते. अमेरिकेहून आलेली बहीण ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) भारतात बिनव्हिसा फिरते, म्हणून अरुणाचलही चालेल असं आपण धरून चालतो. तसं नाही. ओसीआय कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशी आहे, त्यामुळे तिला आयएलपी नाही तर प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतो. त्याची प्रक्रिया निराळी असते आणि वेळही जास्त लागतो. मान्यताप्राप्त टूर ऑपरेटरमार्फत काही आठवडे आधीच तो अर्ज टाका. शिवाय बुम लाच्या दिवशी तिला तवांगलाच थांबावं लागणार, हे तिला आधीच सांगा. तवांगचा मठ १६८०-८१ चा आहे, आणि सहाव्या दलाई लामांचं जन्मस्थान उरगेलिंगही जवळच आहे. दिवस वाया जाणार नाही.

कामासाठी जाणाऱ्यांना

नोकरी, ठेकेदारी किंवा धंद्यासाठी जाताना पर्यटकाचा परवाना वापरू नका. तपासणीत पकडलं गेलं तर राज्याबाहेर पाठवतात. या कामांसाठी वेगळ्या प्रकारचा आयएलपी असतो. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानड्यांनी उभ्या केलेल्या विवेकानंद केंद्राच्या शाळा अरुणाचलात १९७७ पासून आहेत. तिथे शिकवायला किंवा अन्य संस्थेत रुजू व्हायला निघाला असाल, तर बोलावणाऱ्या संस्थेचं पत्र घ्या आणि कोणता प्रकार निवडायचा हे त्यांनाच विचारा. तिथे कितीही वर्षं राहिलात तरी बाहेरच्या माणसाच्या नावावर जमीन होत नाही.

आणि दरड कोसळून अडकलात किंवा मुक्काम वाढवावा लागला, तर परवान्यावर छापलेली शेवटची तारीख उलटण्याआधी, उलटल्यावर नव्हे, जिथे असाल त्या जिल्ह्याच्या उपायुक्त कार्यालयात मुदतवाढीचा अर्ज द्या. जाताना जुना परवाना, ओळखपत्र आणि त्यांच्या दोन-दोन प्रती बरोबर न्या.