व्हायवाला पोरं गप्प का होतात?

ऐरोली, नेरूळ, वाशी, कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजात सेमिस्टर संपत आलं की पोरं जर्नलवर सही घ्यायला स्टाफरूमबाहेर ताटकळत असतात, त्यांच्याशी जरा बोला, लेखी पेपरपेक्षा व्हायवाचीच, म्हणजे तोंडी परीक्षेचीच धास्ती जास्त, आणि त्यातही एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक कोण येणार यापेक्षा आपलेच सर चारचौघांत काय बोलतील याची.

ही भीती लाळेतून मोजता येते. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी एक टेस्ट मांडली, पॅनेलसमोर ५ मिनिटं बोलायचं, मग १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, चुकलं की परत पहिल्यापासून, आणि पॅनेलच्या चेहऱ्यावर काहीच नाही. बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे किडनीच्या वरच्या ग्रंथीतून येणारं स्ट्रेस हार्मोन, चांगलंच वाढलं. २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी यांनी असे २०८ अभ्यास तपासले, तर सगळ्यात जास्त वाढ कधी? जेव्हा कोणीतरी आपल्याला जोखतंय आणि आपल्या हातात काहीच नाही, हे दोन्ही एकदम होतं तेव्हा.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. २०१३ मध्ये जर्मनीतल्याच बोखुमच्या संशोधकांनी याच टेस्टचं मैत्रीपूर्ण रूप केलं, गणित काढून टाकलं, समोरची माणसं हसून, मान डोलावून ऐकणारी. कॉर्टिसोल वाढलंच नाही! बोलायचं परक्या माणसांसमोरच होतं, तरीही.

आणि कॉर्टिसोल वाढलेलं असताना पाठ केलेलं आठवायला त्रास होतो, हेही प्रयोगांत दिसलंय. म्हणजे रात्रभर वाचून आलेली मुलगी गप्प उभी राहते तेव्हा "अभ्यास केला नाहीस" म्हणणं बऱ्याचदा साफ चुकीचं असतं, आणि तेच वाक्य तिला अजून गप्प करतं.

आता आपल्याकडे डिफॉल्टर लिस्ट (हजेरी कमी असलेल्यांची यादी), केटी (राहिलेला विषय), टर्मवर्कचे (सेमिस्टरभराच्या कामाचे) मार्क, हे बरंचसं शिक्षकांच्याच हातात, त्यामुळे मार्क कशाचे मिळणार हे आधीच सांगणं, पहिला प्रश्न सोपा विचारणं, नावाने हाक मारणं, एवढ्यानेही पोराला खूप धीर येतो असं मला मनापासून वाटतं. मार्क वाढवून द्या असं कोणी म्हणत नाहीये, कडक सरसुद्धा पोरांना आवडतात, फक्त अपमान नको.

पण सर म्हणजे काउन्सेलर नव्हेत. कोणी आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, लेक्चरला यायचं बंद झालं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात, तो स्टाफरूमच्या दारावर लावून टाका.