उद्यानातील मुक्काम : सुरक्षितता आणि शिस्त

राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व राखीव वने येथे हिंडताना आणि तंबू ठोकून राहताना स्वतःचा जीव सांभाळण्याची, तसेच तिथले प्राणी, झाडेझुडपे, पाणी आणि शेजारचे मुक्कामी यांना उपद्रव न होऊ देण्याची रीत. यातले काही नियम कायद्याने बांधलेले असतात, बरेचसे संकेत अनुभवातून रुळले आहेत. सुरक्षितता आपल्यासाठी आणि शिस्त इतरांसाठी, अशी वाटणी पुष्कळ जण मनाशी करतात. ती चुकीची आहे. तंबूबाहेर राहिलेले खरकटे आज रात्री आपल्याकडे जनावर ओढून आणते, आणि तेच धीट झालेले जनावर पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या तंबूत तोंड घालते.

अमेरिकेतील यलोस्टोन (स्थापना १८७२) हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते. तिथे एके काळी उकिरड्यावर येणारी अस्वले पाहण्यासाठी प्रेक्षकांना चक्क बाके मांडलेली असत. माणसाच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलांनी माणसे जखमी केली आणि त्यापायी अनेक अस्वले मारावी लागली. उघड्यावरचे शेवटचे उकिरडे १९७० च्या सुमारास बंद झाले. म्हणूनच आज अन्नच नव्हे, तर टूथपेस्ट, साबण, सुवासिक मलम असे वासाचे सगळे सामान तंबूत न ठेवता लोखंडी पेटीत किंवा अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यात ठेवायला सांगतात.

प्राण्यांपासून किती लांब राहावे, याचे आकडे उद्यानागणिक बदलतात. यलोस्टोनमध्ये अस्वल व लांडगा यांच्यापासून सुमारे ९० मीटर, गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून सुमारे २३ मीटर अंतर सक्तीचे आहे. अंदाजासाठी सोपी युक्ती अशी : हात पुरता लांब करून अंगठा उभा धरावा आणि एक डोळा मिटावा. अंगठ्याआड प्राणी संपूर्ण झाकला गेला नाही, तर आपण फार जवळ आहोत. चरणाऱ्या जनावराने मान वर करून आपल्याकडे टक लावली, तरी तोच अर्थ घ्यावा आणि सावकाश मागे सरावे. पिल्लाला हात लावणे सर्वांत वाईट, मग हेतू कितीही चांगला असो. २०१६ मध्ये यलोस्टोनमधील पर्यटकांनी बायसनचे एक वासरू थंडीने काकडत असेल असे वाटून गाडीत घातले. पुढे कळपाने त्याला परत घेतले नाही, ते रस्त्यावरच्या माणसांमागे आणि गाड्यांमागे फिरत राहिले आणि अखेर त्याला मारावे लागले.

आगीची चूक तर भरून काढायला पिढ्या लागतात. चिलीतील तोरेस देल पाइने उद्यानात २००५ साली एका पर्यटकाचा छोटा गॅस स्टोव्ह वाऱ्याने उलटला आणि सुमारे १५,००० हेक्टर प्रदेश जळाला. शेकोटी परवानगी असेल तिथेच, आखलेल्या जागी आणि लहानच असावी. वारा सुटला असेल तर ती पेटवूच नये. विझवताना पाणी ओतावे, राख काठीने ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि शेवटी हाताचा पंजा राखेजवळ नेऊन पाहावे. धग लागली तर शेकोटी विझलेली नाही. नुसती माती लोटली तर निखारे आत तासन्‌तास धुमसत राहतात.

स्टोव्ह किंवा विझत आलेले निखारेसुद्धा ऊब मिळावी म्हणून बंद तंबूत नेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. तंबूची जागा निवडताना आधी वर पाहावे : वाळलेली फांदी डोक्यावर नको. कोरडे नदीपात्र सपाट आणि मऊ असल्याने मोह पडतो, पण कित्येक किलोमीटर वर पडलेल्या पावसाचा लोंढा तिथे अचानक येऊ शकतो. विजांपासून तंबू वाचवत नाही. इमारत किंवा बंद गाडी गाठावी आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे तिथेच थांबावे. परतीची वेळ आणि वाट घरच्या कुणाला तरी सांगून निघावे, कारण पुष्कळ ठिकाणी फोनला रेंज नसते.

तंबू, भांडी घासणे आणि शौच हे तिन्ही पाण्यापासून निदान ६० मीटर दूर असावेत. शौचालय नसेल तिथे १५ ते २० सेंमी खोल खड्डा खणून नंतर तो बुजवतात. ओढ्याचे पाणी नितळ दिसले तरी एक मिनिट खळखळ उकळावे, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे.

चिखल टाळायला पायवाटेच्या कडेने चालले की वाट रुंदावते आणि कडेचे गवत मरते; बूट भरले तरी मधूनच चालावे. वाळवंटी भागात जमिनीवर सूक्ष्मजीवांची काळसर, खरबरीत साय असते. एका पावलाने ती मोडते आणि पूर्ववत व्हायला कैक दशके लागू शकतात. अशा संकेतांना सात तत्त्वांत बांधून जगभर पोहोचवणारी ‘लीव्ह नो ट्रेस’ ही संस्था १९९४ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली.

शेजाऱ्यांच्या बाबतीत बहुतेक तक्रारी आवाजाच्या आणि उजेडाच्या असतात. स्पीकर नकोच, बोलताना डोक्यावरचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांवर न रोखता खाली वळवावा आणि दुसऱ्याच्या तंबूंमधून वाट काढू नये. निघताना तंबू गुंडाळल्यावर त्या जागेवर वाकून एक फेरी मारावी. गवतात अडकलेली खुंटी, दोरीचा तुकडा, पुडीचा फाडलेला कोपरा उभ्याने दिसत नाही.