मुलाच्या डोळ्याला न दिसणारा वेग

‘आधी उजवीकडे बघा, मग डावीकडे, पुन्हा एकदा उजवीकडे आणि मगच रस्ता ओलांडा.’ पहिली-दुसरीतलं कुठलंही मूल हे घडाघडा म्हणून दाखवतं. वर्गात विचारलं तर पैकीच्या पैकी मार्क. तेच मूल शाळा सुटल्यावर उभ्या रिक्षाच्या मागून थेट रस्त्यावर धावत येतं, कारण पलीकडे आजोबा उभे दिसलेले असतात. मग घरचे म्हणतात, शाळेत काही शिकवत नाहीत. शाळा म्हणते, वळण घरचं असतं. हा वाद मिटवायचा तर आधी एका प्रश्नाचं उत्तर हवं: सहा-सात वर्षांच्या मुलाला यातलं नेमकं काय शिकता येतं?

सुरुवात डोळ्यापासून करू. सरळ आपल्या दिशेने येणारी गाडी डावी-उजवीकडे सरकताना दिसत नाही, ती फक्त मोठी होत जाते. हे मोठं होणं किती भरभर चाललंय, त्यावरून मेंदू अंदाज बांधतो की गाडी किती वेळात इथे पोचेल. आता थोडं गणित. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला लहान मुलाला साधारण सहा सेकंद लागतात. ताशी ३० किलोमीटरने येणारी कार सहा सेकंद आधी ५० मीटरवर असते. हात समोर ताणून अंगठा उभा धरला, तर तो जेवढा रुंद दिसतो तेवढीच ही कार दिसते, म्हणजे सुमारे २ अंश. ताशी ५० ने येणारी कार त्याच क्षणी ८३ मीटरवर असते आणि जेमतेम सव्वा अंश रुंद दिसते. तिचं मोठं होणंही ३० च्या कारपेक्षा ४० टक्क्यांनी मंद असतं.

म्हणजे दोन्ही गाड्या सहाच सेकंदांत पोचणार आहेत, पण जी जास्त जोरात येतेय तीच डोळ्याला जास्त संथ वाटते. मोठ्यांचा मेंदू हा बारीक फरक टिपतो. मुलांचा? लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातले जॉन वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे तपासलं. प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांना ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या पुढचा वेग खात्रीने ओळखता येत नाही, असं त्यांना आढळलं. गाडी दिसत असते, पण ती येतेय हे जाणवतच नाही. आपल्याकडे तर रस्त्यावर बहुसंख्य वाहनं दुचाकी. समोरून बघितली तर मोटरसायकल कारच्या निम्म्याहून कमी रुंद, त्यामुळे तिचं मोठं होणं आणखी मंद. इतकं झाल्यावर आपण मुलाला म्हणतो, ‘तुला दिसली नाही का एवढी मोठी गाडी?’ हे रागावणं मला फार अन्यायाचं वाटतं.

डोळ्यानंतर विचार. स्कॉटलंडमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १९९० च्या आसपास पाच-सात वर्षांच्या मुलांना विचारलं, की रस्ता कुठून ओलांडणं सुरक्षित आहे? मुलांचा नियम साधा होता: जिथून गाडी दिसत नाही, ती जागा चांगली. म्हणून मुलांनी आंधळ्या वळणावरची, चढाच्या माथ्याजवळची जागाही बिनधास्त निवडली. तिथून गाडी दिसत नाही, हे अगदी खरं होतं. ‘गाडी नाही’ आणि ‘गाडी असली तरी मला दिसणार नाही’ यातला फरक त्या वयात आपोआप कळत नाही. आणि रस्ता कसा ओलांडायचा, याचं मुलांचं उत्तर होतं: नाकासमोर, सगळ्यात जवळच्या वाटेने.

पण थॉमसन तिथेच थांबले नाहीत, आणि मला त्यांच्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. मुलांना वर्गात चित्रं दाखवण्याऐवजी त्यांनी खऱ्या रस्त्यावर नेलं. ग्लासगोतल्या ड्रमचॅपल या गरीब वस्तीत सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे ‘कर्बक्राफ्ट’ म्हणून ओळखला गेला. शिकवायला कोण? त्याच वस्तीतले आईवडील, थोडं प्रशिक्षण घेऊन. दोन-तीन मुलं बरोबर घ्यायची, शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांत उभं राहायचं आणि विचारायचं: ‘इथून ओलांडायचं का? का नाही? मग कुठून?’ उत्तर सांगून टाकायचं नाही, मुलालाच शोधू द्यायचं. जागा निवडणं, उभ्या गाड्यांमधून ओलांडणं आणि चौक, एवढ्या तीनच गोष्टी, पण आठवडेच्या आठवडे सराव. मुलं खरोखर शिकली. कविता पाठ करून जे जमत नव्हतं, ते फुटपाथवर उभं राहून जमलं.

तरीही जपूनच बोलायला हवं. पादचाऱ्यांना दिलेल्या सुरक्षा-शिक्षणावरच्या १५ चाचण्यांचा आढावा २००२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने घेतला. शिक्षणाने मुलांचं ज्ञान वाढतं, रस्त्यावरचं वागणंही बदलू शकतं, असं दिसलं. पण त्यामुळे अपघातात जखमी होणारी मुलं कमी झाली का, हे एकाही चाचणीने मोजलं नव्हतं.

आता घराकडे वळू. मुलाला रस्ता शिकवणारा पहिला शिक्षक म्हणजे त्याचा हात धरणारा माणूस, आणि तो तोंडाने जे सांगतो त्यापेक्षा पायाने जे करतो ते मूल उचलतं. स्कूटरवर पुढे, हँडलला धरून उभं केलेलं पाच वर्षांचं मूल आपल्या गावोगावी दिसतं. बाबांच्या डोक्यावर हेल्मेट, मुलाचं डोकं उघडं, आणि यू-टर्न लांब पडतो म्हणून गाडी राँग साइडने. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात मूल रोज एक धडा गिरवतं. कायद्यानेही घरावर वजन टाकलेलं आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी बांधून ठेवणारा पट्टा, हेल्मेट आणि ताशी ४० ची मर्यादा, असा केंद्राचा नियम २०२३ पासून लागू आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

शाळेचं काम फाटकापाशी संपत नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, त्यात पालकांचा प्रतिनिधीही हवा. किती पालकांना ही समिती ठाऊक आहे?

आणि जे शिकवून येणारच नाही, त्याचं काय? स्वीडनच्या बालमानसशास्त्रज्ञ स्टीना सांडेल्स यांनी १९६० च्या दशकातच मुलांना रस्त्यावर बारकाईने पाहून निष्कर्ष काढला होता, की लहान मुलाला रहदारीजोगं घडवणं शक्य नाही, रहदारी मुलाजोगी करावी लागेल. यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. उभ्या गाडीआडून मूल १५ मीटरवर अचानक समोर आलं, असं समजा. ताशी ३० ने येणारा चालक सावध होऊन, ब्रेक दाबून कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटरमध्ये थांबतो. ताशी ५० ने येणारा नुसता सावध होईपर्यंतच १४ मीटर पुढे आलेला असतो, ब्रेकने वेग घटायला वावच उरत नाही. इथे मुलाला काय शिकवलं होतं, याने काहीच फरक पडत नाही. भारतात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत मेली, त्यांत १८ वर्षांखालची साडेनऊ हजारांच्या आसपास होती.

त्यामुळे माझं मत असं: शिकवणं हे पालकांचं आणि शाळेचं काम, रस्त्यावर उभं राहून, वर्षानुवर्षं करायचं. पण मुलाला जिवंत ठेवण्याची जबाबदारी चालकाची आणि रस्ता बांधणाऱ्या पालिकेची आहे. ती ‘मुलांनी काळजी घ्यावी’ असे फलक लावून मुलावर ढकलता येणार नाही. पुढच्या पालकसभेत गॅदरिंगच्या वर्गणीआधी तीन गोष्टी विचारता येतील. परिवहन समितीची शेवटची बैठक कधी झाली? फाटकाच्या दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहणं बंद करायला पालिकेला आणि वाहतूक पोलिसांना पत्र गेलंय का? आणि शाळेसमोर वेग ३० च्या खाली आणणारे गतिरोधक आणि उंचवलेला झेब्रा क्रॉसिंग कधी होणार?