चेहरा कोरडाही आणि मुरुमंही? आधी हे वाचा

दिवाळी सरली की आमच्या साबणाच्या दुकानात एकच तक्रार सारखी येते. गालांना पापुद्रे सुटलेत, तोंडाला पाणी लागलं तरी चुरचुरतं आणि त्यातच हनुवटीवर पुटकुळ्या. "यावर कोणता साबण द्याल?" आमचं उत्तर ठरलेलं आहे: चेहऱ्यासाठी एकही नको, आमचाही नको.

खोबरेल, एरंडेल आणि कॉस्टिक सोड्यापासून बनवलेला साबण आम्ही सहा आठवडे मुरवतो, तरी त्याचा पीएच (आम्ल की अल्कली हे सांगणारं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९-१० च्या घरात राहतोच. चेहऱ्याची त्वचा असते किंचित आम्ल, साधारण ५. अंगाला साबण सोसतो, पण सुकून चिडलेल्या चेहऱ्याला सोसत नाही. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा जो पांढरा साका बादलीला धरतो, तोच थोडाफार गालांवरही राहतो.

मुरुमं म्हणजे तेलकटपणा, चेहरा सुकवला की ती जातील, असं समजून लोक दिवसातून पाचदा तोंड धुतात, लिंबू चोळतात, डाळीच्या पिठाने घासतात. मुरूम धरतो तो छिद्राच्या आत, तेल आणि मेलेल्या पेशी अडकून. वरून घासून तो निघत नाही, उलट आहे ती त्वचा सोलली जाते आणि आग वाढते.

म्हणून पहिले दोन आठवडे मुरुमांना हात लावू नका, त्वचा शांत होऊ द्या. सकाळी नुसतं साधं पाणी. रात्री साबणविरहित, बिनवासाचं क्लेन्झर, तेही हाताने हलकेच. कढत पाणी नको. जुन्या मऊ पंचाने टिपायचं, पुसायचं नाही. चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड (त्वचेतला ओलावा धरून ठेवणारा स्निग्ध घटक) असलेलं क्रीम लावा, वेष्टनावर 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रं न बुजवणारं, असं लिहिलेलं बघून. खोबरेल तेल अंगाला उत्तम, पण चेहऱ्यावर अनेकांची छिद्रं त्याने बुजतात. दिवसा बाहेर पडताना एसपीएफ ३० चं सनस्क्रीन लावा, नाहीतर मुरुमांचे डाग जास्त दिवस राहतात.

चुरचुर थांबली की औषधाच्या दुकानातून बेन्झॉइल पेरॉक्साइड हे मुरुमांवरचं मलम घ्या, २.५ टक्क्यांचं. एक दिवसाआड रात्री, जिथे मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर. उशीचा अभ्रा पांढरा ठेवा, रंगीत कापडाचा रंग याने उडतो. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. मागे एक कॉलेजची मुलगी आली होती. गाल लाल, चकचकीत, आतल्या बारीक शिरा दिसत होत्या. पर्समधून तिने 'गोरेपणाची' ट्यूब काढली, मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासोल. हे स्टेरॉइड आहे. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग त्वचा पातळ होते आणि पुटकुळ्या दुपटीने येतात. बीटामेथासोन आणि मोमेटासोन हीसुद्धा स्टेरॉइडच. तुमच्या ट्यूबवर यातलं नाव असेल आणि ती बरेच दिवस लावत असाल, तर एकदम बंद करू नका, ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. त्या मुलीला आम्ही तिकडेच पाठवलं.

खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे, नाकाच्या कडेला पिवळट कोंडा, कपाळावर खाजणाऱ्या एकसारख्या बारीक पुटकुळ्या, यांतलं काही असेल तरीही तिकडेच.