विंड टनेल ऊर्फ वातविवर
मोठ्या पंख्याने हवा बोगद्यातून वाहती करायची, मधे विमानाचं, गाडीचं नाहीतर पुलाचं मॉडेल घट्ट बसवायचं आणि त्याच्यावर किती जोर येतो ते मोजायचं, हे विंड टनेलचं काम. वस्तू पळो की हवा पळो, हिशोब तोच.

पहिलं कोणी बांधलं यावर मतं वेगळी आहेत. बऱ्याच ठिकाणी राइट बंधूंचं नाव सापडतं, पण त्यांची अमेरिकेतल्या डेटन गावातली लाकडी पेटी १९०१ ची, १६ इंच चौरस अन् ६ फूट लांब, आणि त्याच्या तीसेक वर्षं आधी, १८७१ च्या सुमारास (कोणी १८७० पण देतात), इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेनहॅम या इंजिनिअरने वाफेच्या इंजिनावर पंखा चालवून असा बोगदा केलेला होता. त्याआधी फिरत्या दांड्याच्या टोकाला मॉडेल बांधायचे, पण थोड्या फेऱ्यांत हवाच दांड्याबरोबर फिरायला लागायची आणि आकडे बिघडायचे. म्हणून पहिला मान वेनहॅमलाच द्यावा. राइट बंधूंचं मोठेपण वेगळं, हॅकसॉच्या पात्यांपासून बनवलेल्या, हवेचा जोर मोजायच्या तोलकाट्यावर त्यांनी दीडदोनशे पंखांचे नमुने तपासले.

खरी अडचण आकाराची. हवेचा वेग, दाटपणा, चिकटपणा आणि वस्तूचा आकार यांवरून एक आकडा निघतो, त्याला रेनॉल्ड्स अंक म्हणतात; तो खऱ्या वस्तूइतकाच असला तरच मॉडेलभोवती हवा तशीच वाहते. हा अंक जुळायला मॉडेल दहा पट लहान केलं तर वेग दहा पट लागतो, आणि तेवढ्यात ध्वनीचा वेग गाठला जातो, तिथे हवेचं वागणंच बदलतं. तोडगा १९२२-२३ च्या सुमारास अमेरिकेत लँगलीच्या विमान-संशोधन प्रयोगशाळेत निघाला, बोगदाच पोलादी टाकीत बसवून हवा वीस पट दाबायची. दाट हवेत छोट्या मॉडेललाही अंक जुळतो.

भारतात बंगळूर आणि कानपूरला मोठी विंड टनेल आहेत.

खान्देशात याचा संबंध रोजचा आहे. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या आहेत, अशा पात्यांचे आडवे छेद, म्हणजे पातं आडवं कापल्यावर दिसणारा आकार, विंड टनेलमध्येच तपासतात. रावेर-यावलकडे वादळात घड लागलेली केळी आडवी होते, म्हणून बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात. ते भिंतीपेक्षा बरं, कारण विंड टनेलमधल्या प्रयोगांत दिसलं की भरीव आडोशामागे हवा भोवऱ्यासारखी उलटी फिरते, अन् निम्म्याच्या आसपास फटी असल्या तर वेग कमी होतो आणि भोवरे पण कमी उठतात. घरी बघायचं तर हळू वाऱ्यात अगरबत्तीच्या धुरासमोर वही उभी धरा, धूर वरून जाऊन मागे वळतो, मग तिथेच कंगवा धरा, धूर दातांमधून सरळ पुढे निघून जातो.