कोकणातला जुना नट सरकारचे आभार का मानतो

ऐंशीच्या घरातला कोकणातला सिनेनट मुलाखतीत मध्येच देशाबद्दल बोलायला लागला की मुंबईच्या श्रोत्याला वाटतं, बुवा भरकटले. तसं नसतं. सावंतवाडीकडे १९४०च्या दशकात जन्मलेल्या माणसाने वयात येईपर्यंत संस्थान विलीन झालेलं पाहिलं, मुंबई राज्य पाहिलं आणि १९६०मध्ये महाराष्ट्र झालेला पाहिला. बांद्याच्या पलीकडे गोव्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, तर १९६१पर्यंत पोर्तुगीजांची हद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ला तिथेच पोर्तुगीजांनी गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१चा. तोवर सगळे रत्नागिरीवालेच.

जत्रेत रात्रभर चालणारा दशावतार हा लोकनाट्याचा खेळ आणि गिरणगावातलं कामगारांचं नाटक ही या मंडळींची शाळा, हे नव्याने सांगायला नको. दशावताराला लिहिलेली संहिता नसते, एवढं मात्र ध्यानात ठेवायला हवं. आख्यान कुठलं ते आयत्या वेळी ठरलं तरी चालतं. नट पेटाऱ्याशी बसून आपलं तोंड आपणच रंगवतो, आणि एकच लाकडी बाकडं पहाटेपर्यंत सिंहासनापासून पलंगापर्यंत सगळं काही होतं. संवाद जागच्या जागी रचायचे. पुढे कॅमेऱ्यासमोर यांना ऐनवेळी सुचायचं कसं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

सरकारचे आभार मानावेत की नाही, हा खरा वाद १९७५च्या एका निर्णयाचा. त्या वर्षी राज्य सरकारने मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा द्यायचं ठरवलं. तिकिटामागे वसूल झालेला कर निर्मात्याला परत मिळणार, पण पुढचा मराठी चित्रपट काढला तरच. एक सिनेमा काढून घरी बसणाऱ्याच्या हाती काही नाही. शिवाय जितकी तिकिटं, तितका परतावा. साहजिकच हाऊसफुल्लच्या पाटीकडे सगळ्यांचे डोळे लागले. टीकाकार म्हणतात, यातूनच विनोदी चित्रपटांचा रतीब सुरू झाला, आणि ज्या गंभीर सिनेमाला आधाराची गरज होती त्याच्या वाट्याला चिल्लर आली. हे खोटं नाही. पण त्यांच्या हिशेबात नट कधीच नसतो. परतावा अडकू नये म्हणून निर्माता पुढचं चित्र लगबगीने उभं करी. आणि नवं चित्र म्हटलं की त्यात एक हवालदार, एक सरपंच, एक बेरकी मामा हवाच. लालबाग-परळच्या खोल्यांत दहाजणांबरोबर राहणाऱ्या चाकरमानी नटाला ही कामं मिळू लागली.

त्यात १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कोकणात घराघरांत येणारी मनिऑर्डर थांबली. गिरणीच्या पगारावर तालमी करणाऱ्या हौशी नटाला त्या वर्षी चार दिवसांचं शूटिंग मिळालं, तर घरात महिन्याचे तांदूळ येत. म्हणून जुना नट आज म्हणतो, सरकारने आम्हाला जगवलं. गिरण्यांच्या जमिनींचा विषय निघाला की तोच नट त्याच सरकारला शिव्या घालतो. दोन्ही मनापासून.

मालवणी बोलीचंही असंच. ती आधी गडीमाणसांच्या तोंडी, हशापुरती. १९८०मध्ये आलेल्या एका मालवणी नाटकाने तिला मुख्य रंगमंचावर आणून हजारो प्रयोग केले. आता कोकण रेल्वे १९९८मध्ये पूर्ण झाल्यावर सगळा सिनेमाच इथे येतो. कोकणात चित्रित झालेली एक मराठी कलाकृती २००४ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरल्यावर तर कौलारू घरांना भावच आला. स्थानिक नटाला मात्र अजून बहुधा दोनच वाक्यं, आणि तीही रस्ता दाखवण्यापुरती!

परताव्याची जागा पुढे थेट अनुदानाने घेतली. त्यात समिती चित्रपट पाहून दर्जा ठरवते. २०१७मध्ये जीएसटी आला आणि राज्याचा करमणूक कर त्यात विरून गेला, त्यामुळे १९७५चा निर्णय परत आणा ही मागणी आता नुसती भाषणापुरती.

चर्चा सध्या मानधनाची आहे. राज्य सरकार देतं ते वृद्ध कलावंतांचं मासिक मानधन २०२४मध्ये सरसकट ५,००० रुपये झालं. अर्जासोबत कामाचे पुरावे जोडावे लागतात. सिनेनटाकडे निदान श्रेयनामावलीतलं नाव असतं. जत्रेत चाळीस वर्षं राजा झालेल्या दशावताऱ्याकडे बहुतेक वेळा एक पावतीही नसते, म्हणूनच त्याच्यासाठी शब्द टाकायचं काम या जुन्या सिनेनटांवर येतं.