पार्श्वभूमी : पक्षाघाताचा रुग्ण आणि आपला ‘अपघात विभाग’

आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत तातडीच्या दारावर आजही ‘अपघात विभाग’ अशी पाटी दिसते. बोलताना आपण कॅज्युअल्टी म्हणतो. डोकं फुटलेला, भाजलेला, विष घेतलेला, साप चावलेला माणूस यावा, टाके पडावेत, सलाईन लागावी, पोलिसांत नोंद व्हावी, या कामासाठी त्या विभागाची घडी बसली. पक्षाघाताचा रुग्ण या घडीत बसत नाही. त्याचं रक्त वाहत नाही, कुठे दुखतंय असंही तो सांगत नाही. पुष्कळदा त्याची वाचाच गेलेली असते. तो स्ट्रेचरवर शांत पडून राहतो आणि ओरडणाऱ्यांच्या गर्दीत मागे पडतो.

याचा सगळा दोष रात्रपाळीच्या डॉक्टरवर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत या आजारात घाई करून हाती लागेल असं काही जगात कुठेच नव्हतं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणायचं, गरम तेलाने चोळायचं, शेकायचं, काही गावांत कबुतराचं रक्त लावायचं. रुग्णालयात नेलं तरी रक्तदाब बघणं, नाकातून नळी घालणं, कूस बदलत राहणं, एवढंच. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की फुटली, हेच बाहेरून खात्रीने सांगता येत नव्हतं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्लेज रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला, तेव्हा ती सोय झाली. पण फरक कळला तरी उपाय नव्हताच.

तो डिसेंबर १९९५ मध्ये आला. अमेरिकेतल्या ६२४ रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं, की अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तीन तासांत शिरेतून दिलं, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेल्या रुग्णांचं प्रमाण वाढतं. धोकाही तेवढाच उघड होता : मेंदूत त्रासदायक रक्तस्राव औषध घेतलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना झाला, न घेतलेल्यांपैकी ०.६ टक्क्यांना. म्हणजे आधी सीटी, मग औषध, आणि दोन्ही घड्याळ लावून. जून १९९६ मध्ये तिथे या औषधाला पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. ज्या आजारात वाट बघायची, त्यात आता पळायचं होतं.

त्याच १९९६ च्या मे महिन्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयात काय चाललं होतं, हे शेजारी ठेवून पाहावं. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार, आत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती म्हणून पुढे पाठवलं. कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांत कुठे खाट नव्हती, कुठे सीटी नव्हता. शेवटी खासगीत सुमारे १७ हजार रुपये मोजून तो वाचला. वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कुठे खाट रिकामी आहे ते एका ठिकाणाहून कळावं, रुग्णवाहिका असाव्यात, खालची केंद्रं सुधारावीत, असंही सांगितलं. त्या मजुराचा पक्षाघात नव्हता, पण पक्षाघाताचा रुग्ण आजही नेमका त्याच वाटेने फिरतो.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २६ जानेवारी २०१४ पासून धावू लागली. दारापर्यंत पोचणं सोपं झालं. दारातून आत गेल्यावर ‘सीटी बाहेरून करून आणा’ हे वाक्य मात्र टिकून राहिलं, आणि ते ऐकताना नातेवाइकांच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते पाहवत नाही.

दारापर्यंत न पोचणारे तर मोजणीतच आले नसते, जर गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ती मोजणी केली नसती. २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं त्यांनी घरोघर जाऊन शोधली. पहिल्या क्रमांकावर पक्षाघात निघाला : साधारण सात मृत्यूंमागे एक. हिवताप आणि कुपोषणाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात! आणि यातले बहुतेक जण घरीच गेले. जगभरातही पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंपैकी मोठा हिस्सा गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतलाच आहे. उपचाराचा शोध एकीकडे लागला, आजाराचा भार दुसरीकडे राहिला.

औषधाच्या बाजूने एक चांगली गोष्ट पुण्यात घडली. अल्टेप्लेज वजनानुसार मोजून, थोडं एकदम आणि उरलेलं तासभर पंपाने द्यावं लागतं. त्याच जातीचं टेनेक्टेप्लेज हे औषध एकाच इंजेक्शनात जातं. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेजला पक्षाघातासाठी भारतात २०१६ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत हे औषध या आजारासाठी मान्य व्हायला २०२५ उजाडलं. पंप नसलेल्या, एकाच नर्सच्या भरवशावर चालणाऱ्या विभागात हा फरक किती मोठा आहे, ते तिथे काम केलेल्यालाच कळेल. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये पक्षाघातासाठी अल्टेप्लेज आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

न्यूरॉलॉजिस्ट शहरातच असतात, या अडचणीवरची वाट हिमाचल प्रदेशाने काढली. २०१४ च्या सुमारास तिथे जिल्ह्याच्या रुग्णालयांतले साधे एमबीबीएस आणि मेडिसिनचे डॉक्टर तयार केले गेले. ते सीटीची चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर शिमला किंवा टांडा इथल्या न्यूरॉलॉजिस्टला पाठवतात, फोनवर बोलतात आणि तिथेच इंजेक्शन देतात. औषध सरकार फुकट पुरवतं. डोंगरातून सहा तास खाली उतरायची गरज उरत नाही.

इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून भारतीय वैद्यक परिषदेने मान्य केली ती २००९ मध्ये. तिथून शिकून निघालेले डॉक्टर आता कुठे तालुक्याकडे वळू लागलेत. मी पाहिलेल्या कॅज्युअल्टीच्या केसपेपरांवर येण्याची वेळ असते, पोलीस नोंदीचा क्रमांक असतो. रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, यासाठी रकाना नसतो. सगळा उपचार त्या एका वेळेवर ठरतो, म्हणून काही निवासी डॉक्टर ती कोपऱ्यात, पेनाने, गोल करून लिहितात.